आधी मोजा, मग खोला : सैन्यात इलेक्ट्रिशियन होण्याची वाट

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "सर, मिलिटरीत वायरमनचं काम असतं का हो?" विचारणाऱ्या मुलाला पळायची आवड असते, वर्दीची ओढ असते, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरचा मिक्सर खोलण्याची सवयही असते. या सगळ्या आवडी एका नोकरीत बसतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

काम असतं, आणि भरपूर असतं. ट्रकचा स्टार्टर, रणगाड्याचा बुरूज फिरवणारी यंत्रणा, रडार, वायरलेस सेट, लष्करी इस्पितळातलं ऑपरेशन थिएटर, डोंगरावरच्या चौकीतला बल्ब, सगळीकडे वीज लागते आणि ती नीट ठेवणारा माणूस लागतो. मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती शाखेत, इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केली. आता आयटीआयच्या मुलांना हाताखाली घेऊन शिकवतो. त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिलं पाऊल : कुठला इलेक्ट्रिशियन व्हायचंय ते ठरवा

सैन्यात 'इलेक्ट्रिशियन' हा एकच प्राणी नाही.

ईएमई, म्हणजे कोअर ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. १९४३ साली उभी राहिली, ब्रीद 'कर्म ही धर्म'. गाड्या, रणगाडे, तोफा, जनरेटर, दुर्बिणी, जे जे बिघडतं ते दुरुस्त करणारी ही शाखा. इथला इलेक्ट्रिशियन मुख्यतः गाड्यांच्या आणि यंत्रांच्या वायरिंगमध्ये रमतो. जवानांची प्रशिक्षण केंद्रं सिकंदराबाद आणि भोपाळला आहेत. पुण्यात खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, तेही याच शाखेचं.

दुसरी शाखा इंजिनिअर्सची, म्हणजे सॅपर्सची. आपल्या मुलांना सगळ्यात जवळची. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र खडकीलाच आहे आणि या पलटणीचा इतिहास १८२० पर्यंत मागे जातो. ब्रीद 'सर्वत्र'. सॅपर आधी सैनिक असतो, पूल बांधतो, सुरुंग काढतो, आणि त्याच्या जोडीला ट्रेडचं काम करतो. त्यातला इलेक्ट्रिशियन छावणीची वीज, पंप, जनरेटर बघतो. तिसरी शाखा सिग्नल्सची. तिची केंद्रं जबलपूर आणि गोव्यात. तिथे संदेशवहनाची उपकरणं आणि त्यांचा वीजपुरवठा.

चौथी वाट वर्दीची नाही, पण काम सैन्याचंच. एमईएस, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, ही १९२३ पासूनची संस्था. कँटोनमेंटमधली सबस्टेशनं, घरांची वायरिंग, लिफ्ट, पाणीपुरवठ्याचे पंप तिच्याकडे असतात आणि तिथले बहुतेक कामगार सिव्हिलियन. ईएमईच्या वर्कशॉपमध्येसुद्धा इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रिशियन (पॉवर) अशी सिव्हिलियन पदं भरली जातात. मुलींनी ही वाट नीट लक्षात ठेवावी. भूदलात अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणारा जवान, म्हणून मुलींची भरती आजवर मिलिटरी पोलिसांत झाली आहे, तांत्रिक ट्रेडमध्ये नाही. सिव्हिलियन पदांना मात्र त्या अर्ज करू शकतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. जवान म्हणून भरती झालात तर शाखा आणि ट्रेड तुम्ही मागाल तोच मिळेल असं नाही. गुणवत्ता आणि त्या वेळची गरज पाहून सैन्य ठरवतं. 'इलेक्ट्रिशियनच हवं, नाहीतर नको' असा हट्ट असेल तर सिव्हिलियन जाहिराती बघा, तिथे पद आधीच लिहिलेलं असतं.

आयटीआयची दोन वर्षं

इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा. प्रवेश दहावीनंतर, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून. अग्निवीर तांत्रिकसाठी मुख्य दोन दारं आहेत. एक, बारावी विज्ञान : भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. दुसरं, दहावीला एकूण ५० टक्के, इंग्रजी-गणित-विज्ञानात प्रत्येकी किमान ४०, आणि ठरावीक ट्रेडमधला दोन वर्षांचा आयटीआय किंवा पदविका. त्या ठरावीक ट्रेडच्या यादीत इलेक्ट्रिशियन आहे. दहावीला गणितात ३८ पडले म्हणून आयटीआयमध्ये पहिला आलेला मुलगा बाहेर राहिलेला मी पाहिला आहे. दहावीचा अभ्यास टाळू नका.

आता आयटीआयमध्ये काय शिकायचं? अभ्यासक्रम घरगुती आणि औद्योगिक विजेचा असतो : २३० आणि ४१५ व्होल्ट, मोटर, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर. सैन्यातल्या बहुतेक जड गाड्या चालतात २४ व्होल्ट डीसीवर. ही दरी तुम्हालाच भरून काढायची आहे. सोपा मार्ग एसटीचा. एसटीच्या बसमध्येही २४ व्होल्टच असतात. विभागीय कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारी मिळाली तर सोडू नका. नाहीतर गावातल्या बॅटरीवाल्याकडे सुट्टीत बसा. स्टार्टर आणि अल्टरनेटर (इंजिन चालताना बॅटरी भरणारं यंत्र) खोलून पुन्हा जोडायला महिनाभर पुरे होतो.

आणि मल्टिमीटर स्वतःचा घ्या. टेस्टर पेटला म्हणजे करंट आहे, एवढ्यावर भागवणारा मुलगा पुढे अडतो. रोज चार गोष्टी मोजून वहीत लिहा : घरातल्या सॉकेटचा व्होल्टेज संध्याकाळी सातला किती, पहाटे किती, दुचाकीची बॅटरी इंजिन बंद असताना किती, चालू असताना किती. दोन महिन्यांत आकडे बोलायला लागतात.

भरती

अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली आणि तेव्हापासून जवानांची भरती तिच्यातूनच होते. किमान वय साडेसतरा. कमाल वय त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा, कारण २०२२ मध्ये एकदाच २१ चं २३ केलं होतं आणि त्यावरून अजून गावोगाव चुकीचे आकडे फिरतात. अर्ज सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच करायचा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे भरती कार्यालयं आहेत. गोव्याची मुलं कोल्हापूर कार्यालयाखाली येतात.

२०२३ पासून क्रम बदलला. आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान. तांत्रिकच्या पेपरात सामान्य ज्ञानाबरोबर भौतिक, रसायन आणि गणित येतं आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. आयटीआयची मुलं इथेच गळतात, पळताना नाही. ओहमचा नियम त्यांना हाताने येतो, कागदावर येत नाही. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक आणून विद्युत आणि चुंबकत्वाची प्रकरणं सोडवा. आयटीआय आणि पदविकाधारकांना जादा गुण मिळतात, पण त्यांच्या भरवशावर पेपर निघत नाही.

मैदानात १.६ किलोमीटरची धाव, बीमवरचे पुलअप्स, ९ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. धावेत पहिल्या गटासाठी साडेपाच मिनिटं. आमच्याकडची पोरं रस्त्यावर पळतात आणि पुलअप्स विसरतात. दहा पुलअप्सना वेळ लागतो, सहा महिने आधी बार पकडा.

वैद्यकीय तपासणीत इलेक्ट्रिशियनने रंगदृष्टी आधीच तपासून घ्यावी. लाल आणि हिरवा ओळखता येत नसेल तर वायरचा रंगही ओळखता येणार नाही, आणि हे दोन वर्षं आयटीआय केल्यानंतर कळलं तर फार वाईट वाटतं. दातांचे किमान १४ गुण लागतात, म्हणून किडके दात आधी भरून घ्या. कानातला मळ डॉक्टरकडून काढा. गोंदवून घेऊ नका.

कागदपत्रांचं एकच सांगतो : दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर नाव आणि जन्मतारीख अक्षरनुअक्षर सारखी हवी. 'विठ्ठल'मधला एक जादा टी रॅलीच्या दिवशी दुरुस्त होत नाही. आणि पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याच्यापाशी थांबू नका. या भरतीत दलालाला जागाच नाही.

सेंटरमध्ये

सुरुवातीला तुम्ही फक्त रंगरूट असता. पहाटे पीटी, मग ड्रिल, शस्त्र, फायरिंग, नकाशा. ट्रेडचं नावही निघत नाही. मुलं घाबरतात, 'मी इलेक्ट्रिशियन म्हणून आलो, मला रायफल का साफ करायला लावतात?' कारण उद्या ज्या गाडीखाली तुम्ही झोपून काम कराल, ती शत्रूच्या तोफेच्या पल्ल्यात उभी असू शकते.

नंतर ट्रेडचं प्रशिक्षण सुरू होतं. आमच्या उस्तादांनी पहिले तीन आठवडे एकही सुटा भाग बदलू दिला नाही. समोर बिघडवलेली गाडी, हातात मीटर. बिघाड कुठे आहे ते मोजून सिद्ध करा, कागदावर लिहा, मग पुढच्या गाडीकडे जा. स्पॅनरला हात लावला की बाहेर. तेव्हा राग यायचा.

त्या रागाचं उत्तर मला पहिल्या युनिटमध्ये मिळालं. रात्री एक ट्रक सुरू होईना. मला घाई झाली. स्टार्टर गेला असं धरून मी तो उतरवला, दुसरा बसवला, दीड तास गेला, गाडी तशीच. सकाळी हवालदारसाहेबांनी मीटर लावला. इंजिनची अर्थ-पट्टी (वीज परत नेणारी पट्टी) चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे बोल्टने लागते तिथे रंग साचला होता. काचपेपरने घासलं, बोल्ट आवळला, गाडी सुरू. ते मला रागावले नाहीत, फक्त जॉबकार्डावर 'बिघाड : अर्थ' असं लिहायला लावलं. ती ओळ अजून डोळ्यांपुढे आहे. आधी मोजा, मग खोला, हे मी तिथे शिकलो आणि बाकीचं सगळं त्यावर उभं राहिलं.

युनिटमधलं काम : सुरू न होणारा ट्रक

म्हणून हा एक बिघाड सविस्तर सांगतो. स्टॅलियन या लष्करी ट्रकसारखा २४ व्होल्टचा ट्रक, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. किल्ली फिरवली की टक् असा आवाज, इंजिन फिरत नाही.

अंगठी, घड्याळ काढा. बॅटरीच्या दोन टोकांवर स्पॅनर आडवा पडला तर धातू वितळतो, बोट तर सोडाच.

आधी दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज वेगवेगळा मोजा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या वर दाखवते. एक १२.७ आणि दुसरी ११.९ असेल तर बेरीज २४.६ येते आणि नवशिका म्हणतो 'चांगली आहे'. बेरजेवर विश्वास ठेवू नका.

मग सहकाऱ्याला किल्ली फिरवायला सांगा आणि त्याच वेळी मोजा. व्होल्टेज १८ च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय. तो चांगला टिकला आणि तरी स्टार्टर फिरत नसेल, तर व्होल्ट वाटेत कुठे तरी अडतो आहे. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर, आणि पुन्हा किल्ली. इथे एक व्होल्टच्या आत दिसायला हवं. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं स्टार्टरच्या अंगावर. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत. माझ्या त्या रात्रीच्या ट्रकला हीच दुसरी चाचणी हवी होती.

हे इतकं महत्त्वाचं का, ते गणिताने पाहा. स्टार्टर ४०० अँपियर ओढतो असं धरा. सांध्यावर गंजामुळे फक्त ०.०१ ओहम अडथळा आला, जो साध्या मीटरवर ओहममध्ये दिसणारही नाही, तर ४०० गुणिले ०.०१ म्हणजे ४ व्होल्ट तिथेच जळतात. म्हणून अडथळा भार चालू असताना, व्होल्टमध्येच शोधायचा.

गाडी सुरू झाली की काम संपलं नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असेल तर अल्टरनेटर भरत नाही आणि उद्या तीच गाडी पुन्हा उभी. जास्त असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरी उकळेल.

बॅटरी काढताना आधी अर्थचं टोक सोडा, बसवताना ते शेवटी लावा. आणि बॅटरीखान्यात आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात कधीच नाही.

लष्करी गाडीत दोन गोष्टी वेगळ्या दिसतील. वायरलेसमध्ये खरखर येऊ नये म्हणून काही वायरिंगला धातूची जाळी असते. ती दुरुस्तीत कापून टाकली की गाडी चालते पण सेट ऐकू येत नाही. आणि ब्लॅकआऊटचे झाकलेले दिवे. ते पेटतात का एवढंच पाहू नका, त्या स्थितीत बाकी एकही दिवा, ब्रेकचासुद्धा, पेटत नाही ना, तेही पाहा.

थंडीत आणि वाळूत

पुण्याच्या हवेत शिकलेला माणूस लडाखला गेला की पुन्हा विद्यार्थी होतो. बॅटरीतलं आम्ल पूर्ण भरलेलं असेल, हायड्रोमीटरवर (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीवर) १.२८० च्या आसपास, तर उणे ६० अंशांतही ते गोठत नाही. तीच बॅटरी उतरून १.१०० वर आली की उणे ८ अंशांच्या आसपासच बर्फ होतो आणि डबा फुटतो. म्हणजे थंडीत बॅटरी भरलेली ठेवणं हेच तिचं संरक्षण. वर, थंड बॅटरी उणे १८ अंशांत आपल्या ताकदीच्या जेमतेम निम्मं देते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं तेल स्टार्टरला जास्त ओढायला लावतं. म्हणून तिथे हायड्रोमीटरचं वाचन रोजचं, आणि आकड्याला तापमानाची दुरुस्ती करूनच.

उंचीवर हवा विरळ. जनरेटरच्या इंजिनाला प्राणवायू कमी, म्हणून पाटीवर लिहिलेली ताकद तिथे मिळत नाही. अल्टरनेटरला थंड करणारी हवाही विरळ. बहुतेक विद्युत उपकरणांचे आकडे समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंत धरलेले असतात. ३५०० मीटरवर पूर्ण भार टाकला तर ती चूक यंत्राची नाही.

अर्थिंग तर दोन्ही टोकांना छळतं. गोठलेली जमीन वीज नीट वाहू देत नाही आणि राजस्थानची कोरडी वाळूही देत नाही. एक सळई ठोकून मोकळं होऊ नका. दोन-तीन सळया अंतर ठेवून ठोका, तांब्याने जोडा, वाळूत खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी घालत राहा, आणि शेवटी अर्थ टेस्टरने मोजा.

छावणीचा जनरेटर

तंबूंची रांग, टोकाला जनरेटर. इथे नवशिके दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक बारीक केबलची. १०० मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, भार १० अँपियर. या केबलचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे सुमारे १.४८ ओहम. जवळपास १५ व्होल्ट केबलमध्येच जातात. तीच केबल १० चौरस मिलिमीटरची घेतली तर पावणेचारच्या आसपास. दुसरी चूक तिन्ही फेजवर भार सारखा न वाटण्याची. हीटर सगळे एकाच फेजवर आणि बाकी दोन रिकामे. क्लॅम्प मीटर घेऊन रात्री आठला तिन्ही फेज मोजा. दुपारचं वाचन काही सांगत नाही.

बाहेरून लाइन आणि जनरेटर दोन्ही असतील तर मध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये जाते आणि दूर कुठे तरी खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. ओल्या तंबूंना ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावा. आणि बंद केलेल्या लाइनला हात लावण्याआधी : स्विच बंद, कुलूप, पाटी, मग मीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मीटरच मेलेला असेल तर मेलेली लाइन आणि जिवंत लाइन सारखीच दिसते.

एक गोष्ट कामाच्या बाहेरची, पण कामाइतकीच खरी. वर्कशॉपमधल्या गाडीचा, यंत्राचा, जागेचा फोटो काढायचा नाही, मित्रालाही पाठवायचा नाही. तुम्हाला वायरिंग दिसतं, दुसऱ्या कुणाला युनिट दिसतं.

चार वर्षं, आणि नंतर

पैशाचं स्पष्ट सांगतो. योजनेनुसार पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. उरलेले ३० टक्के निधीत जातात, सरकार तितकेच घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख मिळतात. विमा ४८ लाखांचा. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. हे घरच्यांना भरतीआधीच सांगा.

म्हणून बाहेर पडायची तयारी आत असतानाच करा. आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र घरी, त्याच्या प्रती सोबत. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री (वायरमन) परवाना काढून ठेवा, खासगी कामाला तो लागतो. दहावीवर भरती झालेल्यांना बारावीचं, आणि पुढे पदवीचं शिक्षण नोकरीतच करण्याची सोय आहे, ती वापरा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांसाठी जागा राखीव आहेत, २०२२ मध्ये त्या १० टक्के जाहीर झाल्या होत्या; संरक्षण मंत्रालयाच्या नोकऱ्यांतही तेव्हा १० टक्क्यांची घोषणा झाली. आपल्याकडे खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भद्रावती इथे आयुध निर्माण कारखाने आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. जनरेटर दुरुस्ती आणि जड वाहनांची वायरिंग येणारा माणूस तालुक्याच्या गावातही रिकामा बसत नाही.

आणि नोकरीतली वही जपा. गुप्त काही न लिहिता, फक्त लक्षण, वाचन आणि सापडलेला बिघाड. माझ्या वहीचं पहिलं पान त्या रंग साचलेल्या अर्थ-पट्टीचं आहे. नवीन मुलगा शिकायला आला की मी त्याला आधी ते पान वाचायला देतो, आणि मग मीटर.